बेहड्याचा दुसरा शेंडा

बसा रे, बसा. भोजराज, तो कंदील जरा खाली ठेव, किडे येऊन राहिले. आणि हो, तू मघाशी काय म्हणालास? "काका, भूत-वूत कुछ नहीं होता." बरोबर आहे. मीही तेच म्हणतो. मी दुकानदार माणूस. जी वस्तू तागडीत पडत नाही, तिचा मी भाव करत नाही. पण दोर तागडीत पडतो. ही गोष्ट एका दोराची आहे, आणि तो दोर माझ्याच दुकानातून गेला.

पंचावन्न साल. दिवाळी होऊन गेली होती, गावोगाव मंडईच्या जत्रा सुरू होत्या. चिचगडकडचा मनिराम दुकानात आला. तुमच्यापैकी कोणी त्याला पाहिलं नसेल. काटकुळा, लांब हातांचा. झाडांचे शेंडे उतरवायचं काम करायचा. घराला लागून झाड असलं की बुंध्याला कुऱ्हाड लावता येत नाही, अख्खं झाड घरावरच यायचं. तिथं वर चढून आधी शेंडा बांधायचा, कापायचा आणि दोरानं हळूहळू खाली सोडायचा.

"शेटजी, सणाचा दोर द्या. नवाच पाहिजे."

मी म्हटलं, "जुना घे ना, स्वस्तात देतो. विहिरीलेच लावशील न?"

"विहिरीले नाही जी. शेंड्याले."

"कोणत्या?"

तो तागाच्या त्या दोराचा पीळ उलगडून पाहत होता. वर न बघता म्हणाला, "बेहड्याच्या."

मी तागडी खाली ठेवली. तो बेहडा मला ठाऊक होता. मनिरामच्या मोठ्या भावाच्या, दुधरामच्या अंगणातला. एका बुंध्यातून दोन शेंडे निघालेले. दोन वर्षांपूर्वी त्यातला एक उतरवताना दुधराम मेला होता.

कसा मेला तेही ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही. या लोकांची एक रीत आहे. शेवटचा घाव घालायच्या आधी वरचा माणूस आरी थांबवतो आणि ओरडतो, "खाली कोण?" खालचा बाजूला होऊन म्हणतो, "कोणी नाही!" मगच वरचा कापतो. उत्तर आलं नाही तर खाली उतरून पाहायचं, पण कापायचं नाही. त्या दिवशी वर मनिराम होता. खाली दुधराम. दुधराम "कोणी नाही" म्हणाला, आणि बुंध्याशी राहिलेला विडीचा कट्टा घ्यायला परत आत शिरला. विडीसाठी! त्याची बायको अनुसयाबाई ओट्यावरून ओरडत होती, "अजी, राहू द्या न ते!" पण त्यानं जन्मात कोणाचं ऐकलं नव्हतं. शेंडा त्याच्या अंगावरच आला.

तेव्हापासून त्या झाडाला कोणी हात लावीना. बेहडा म्हणजे आधीच भुताचं झाड, त्यात हे. दुसरा शेंडा उभ्या उभ्या वाळला आणि घरावर झुकला. एक वादळ, की छपरावरची कवेलू, मयालाचं लाकूड, चूल, सगळं खलास. गावानं बैठक घेतली. झाडाला लोखंड लावायचं नाही, बेहड्यातलं बाहेर पडलं तर गावभर फिरंल; दुधरामच्या बायकोनं घर सोडून माहेरी जावं.

अनुसयाबाई पदर खोचून बैठकीत उभी राहिली. मनिराम सांगायचा तिचं बोलणं. म्हणाली, "घर माझं, झाड माझं, आन् भूत असंल त तेही माझंच. तुमाले कायचा तरास होऊन राहिला?"

बैठक उठली. पण कोणी मदतीलाही येईना. मग तिनं दिराला बोलावलं. "बाबू, वर तू चढ. खाली मी राहीन."

"वयनी, दोर हातून सुटला त घर जाईल."

"अन् नाही कापलं त काय राहीन?"

कार्तिकी पुनवेची आदली रात्र. शेजारच्या गावी मंडई होती, रात्रभर दंडारीचं नाटक होतं. अख्खं गाव तिकडं. अडवायला कोणी नव्हतं, म्हणून ती रात्र. चांदणं असं, की आरीचे दात मोजावेत.

मनिराम वर चढला. आधी स्वतःला बुंध्याशी बांधलं. मग जिथं कापायचं त्याच्या वर नवा दोर आवळला, खाली दोन शेंडे फुटतात त्या ओल्या दुबेळक्यातून ओवला आणि खाली सोडला. अनुसयाबाईनं टोक ओढत अंगणाच्या पार कडेला नेलं, तिथं मोहाच्या खोडाला दोन वेढे दिले आणि टोक हातात धरून बसली. वजन वेढ्यांवर येतं, माणसानं फक्त ढील द्यायची. टोकाला गाठ मारायची नाही, कारण मग सोडता येत नाही. हे सगळं मनिरामनं तिला दिवसा शिकवून ठेवलं होतं.

अंगणाच्या बाजूनं त्यानं खाच घेतली. मग मागून आरी लावली. लाकूड वाळकं, कोरडं, करकर बोलणारं. मधे बोटभर लाकूड राहिलं तेव्हा त्यानं आरी काढली.

दंडारीचा ढोलक दुरून ऐकू येत होता. एकाएकी ढोलकही थांबला.

मनिराम ओरडला, "खाली कोण?"

"मी आहो."

...

बाईचा आवाज नव्हता. मोहाकडून आला नव्हता. थेट खालून. बुंध्याशी. जिथं विडीचा कट्टा पडला होता तिथून.

मनिरामनं खाली पाहिलं. चांदण्यात अंगण पांढरं पडलेलं. कोणी नाही. बुंध्याशी तेवढी सावली... आणि सावलीत काही असेल तर दिसणार नाही.

 त्यानं आरी खाचेपासून दूर धरली. खाली माणूस असताना कापायचं नाही. पण हा माणूस... त्यानं पुन्हा विचारलं. 

"खाली... कोण?"

"मी आहो."

वाळका शेंडा कुरकुरला. जरासा हलला. घराकडे. बोटभर लाकडावर सगळा भार. आता उतरावं तर शेंडा आपोआप तुटणार. कापावं तर...

"वयनी," तो ओरडला, "तुनं आयकलं का?"

मोहाशी दोर जरा ताणला गेला.

मग अनुसयाबाई उभी राहिली. दोर तसाच मुठीत. आणि झाडाकडे तोंड करून जी सुटली, जी सुटली!

"आयकलं न! दोन वर्स झाले, रोज रात्री आयकून राहिली! कायले उभा राहिला तिथं? जित्तेपणी सांगतलं, सरका, त सरकला नाही. विडी पाहिजे होती तुले! आता माझं घर पाडतो? मी जाणार नाही. आयकून घे. तू मेला, मी नाही मेली! सरक तिथून! सरक म्हणतो न!"

...

ढोलक नाही. किडा नाही. पान हललं नाही.

"आता इचार, बाबू."

मनिरामनं ओठ ओले केले.

"खाली कोण?"

काही नाही.

काही नाही...

आणि मग, मोहाच्या बाजूनं, अगदी हळू. पुरुषाचा आवाज.

"कोणी नाही."

मनिरामनं डोळे मिटून आरी ओढली.

शेंडा सुटला. घराकडेच गेला. दोराला हिसका बसला, मोहाच्या खोडावरून धूर निघाला, आणि दोर पळायला लागला. अनुसयाबाईच्या तळव्यांची साल गेली. तिनं सोडलं नाही. मग सुटलंच. तिच्या डोळ्यांदेखत टोक हातातून निसटलं.

आणि शेंडा थांबला.

कवेलूंच्या वर, वीतभर. लोंबकळत. एक कवेलू फुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाव आलं, शेंडा अंगणात उतरवला, लाकडं वाटून घेतली. भुताच्या झाडाची लाकडं, हां! घ्यायला मात्र सगळे पुढं.

आठवड्यानं मी लाखेच्या सौद्याला तिकडं गेलो, तेव्हा मनिरामला घेऊन मुद्दाम त्या अंगणात थांबलो. म्हटलं, आपण पाहू. शेंडा उतरवला तेव्हा दोर मधेच तोडला होता, मोहावरचा तसाच होता. दोन वेढे. आणि वेढ्यांच्या खाली टोकाची खोडालाच गाठ. घट्ट, नीट मारलेली.

मी म्हटलं, "बाई, घाबरून तुम्हीच मारली असेल."

तिनं तळवे पुढं केले. हळद माखलेले, कच्चे. त्या हातांनी पदर धरवत नव्हता.

मनिराम तर वर बांधलेला.

मी गाठ जवळून पाहिली. जन्मभर पोती बांधली आहेत मी, गाठीतलं मला कळतं. सगळे मारतात तिच्या उलटी पडलेली होती. डावखुऱ्या माणसाची. मी मनिरामकडे पाहिलं, तर तो जमिनीकडे पाहत होता. "दादा डावखुरा होता जी," एवढंच म्हणाला.

मी सोडायला हात घातला, तशी अनुसयाबाई म्हणाली, "राहू द्या, शेटजी. त्यानं जन्मात एक काम पुरं केलं नाही. हे केलन."

ती अजून त्याच घरात राहते. मागच्या महिन्यात मी जाऊन आलो. उन्हापावसानं दोराचे वेढे कुजून गळून पडलेत. सण तो, किती टिकणार?

खोडाला फक्त ती गाठ आहे.

कशाला धरून आहे, ते मला विचारू नका.