बेनओनीचं झबलं

दुपारी मावशी खिडकीशी बसून बाळाच्या झबल्यावर नाव काढत होती. भरतकामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण आज सुई पुढे जाईना. बहिणीला मातीआड करून आठवडाही झाला नव्हता. उद्या बाळाचा बाप्तिस्मा, आणि भावजींनी नाव सांगितलं होतं बेनओनी. आता याला काय म्हणावं?

"भावजी, अर्थ ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे म्हणूनच." ते पाळण्याकडे पाठ करून बसले होते. "हिब्रूत बेन म्हणजे पुत्र, ओनी म्हणजे माझं दुःख. बायबलातल्या राहेलीने बाळंतपणात मरता मरता हेच नाव ठेवलं. याच्यापायी माझी बायको गेली. जन्मभर कळू दे त्याला."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईच्या दुधालाही मुकलेलं लेकरू, आणि बाप त्याच्याच माथी खापर फोडतोय!

"अर्धीच गोष्ट सांगू नका. तिच्या नवऱ्याने, याकोबाने, तिथल्या तिथे ते नाव बदललं. बन्यामीन ठेवलं, उजव्या हाताचा पुत्र. तोही बायकोवर जीव टाकणाराच होता. त्याने पोराच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं, तुम्ही चढवताय. लाज कशी वाटत नाही?"

"तू नाव काढ. बेनओनी."

त्यासरशी इतका वेळ झुलणारा पाळणा थांबला... झोका आपण दिलाच नव्हता, हे मावशीच्या तेव्हा लक्षात आलं. खोलीत ओल्या मातीचा वास भरला. बाळाचा उजवा हात वर होता, मूठ कुणाचं तरी बोट धरावं तशी अर्धवट मिटलेली. ते वर बघून हसत होतं. हळूहळू त्याचे ओठ निळे पडू लागले.

"भावजी... मूठ सोडवा त्याची."

त्यांनी मुठीत बोट घातलं आणि ते पांढरेफटक पडले. "आत बोट आहे... गार."

"बापाला नको असलेलं मूल आई मागे ठेवेल होय? नाव बदला. नेतेय ती त्याला."

"बन्यामीन," ते कसेबसे म्हणाले. "माझ्या... उजव्या हाताचा."

मूठ सुटली. बाळाने टाहो फोडला. मावशीने त्याला उचलून छातीशी धरलं. रडतंय ना, मग झालं.

"सोडलं तिने," ती म्हणाली.

भावजींचा उजवा हात मात्र हवेतच होता. मनगटावरची कातडी चार बोटांनी आवळल्यासारखी आत दबली होती, आणि अजून दबतच होती.

"सांग ना तिला," ते पुटपुटले, "नाव बदललं म्हणून..."