ऊस खाणारा ज्वालामुखी

राजनंदिनीच्या वडिलांनी तिला ज्वालामुखीचं स्वागतगीत बसवायला सांगितलंय, हे ऐकून संध्याने पेरू खाणंच थांबवलं.

"ज्वालामुखीचं स्वागत?" ती म्हणाली. "तो काय जावई आहे?"

राजनंदिनीने मान खाली घातली. तिचे वडील संतराम म्हणजे खैरवाडीचे सरपंच, आणि रविवारचा कार्यक्रम त्यांच्याच डोक्यातून निघालेला. गावाबाहेरच्या जुन्या दगडखदानीतून चार-सहा दिवसांपासून धूर निघत होता. या भागात जमीन अधूनमधून गुरगुरते, मांडणीवरची भांडी खडखडतात, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यात धूर दिसला, आणि मोठे शेतकरी आणि ठेकेदार असलेले अमृतराव पारावर बसून म्हणाले की हा ज्वालामुखीच. झालं! कुणी जाऊन बघितलं नाही, कुणी काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी कळमनुरीच्या रस्त्यावर बॅनर लागला: ‘जिल्ह्यातील पहिल्या ज्वालामुखीच्या दर्शनास यावे’. वर संतरामांचा हात जोडलेला फोटो, ज्वालामुखीपेक्षा तिप्पट मोठा.

संध्या हिंगोलीहून दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे आली होती. यंदा ती आठवीत होती आणि मूर्खपणा तिला मुळीच सोसत नसे. तिला सगळ्यात जास्त राग यायचा तो काही माहीत नसताना ठासून बोलणाऱ्यांचा, आणि खैरवाडीत सध्या अशांचं भरघोस पीक आलं होतं. मामाचा मुलगा आयुष सहावीत होता. तो प्रत्येक गोष्ट तीनदा तपासून मगच बोलायचा, त्यामुळे संध्याला त्याचाही कंटाळा यायचा.

"चला, बघून येऊ," ती म्हणाली. "सांगते तुम्हाला ज्वालामुखी म्हणजे काय असतो."

तिघं खदानीवर पोचले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. खदान म्हणजे टेकडीत कोरलेला मोठा खोलगट खड्डा. एका अंगाने ट्रक उतरायचा उतार, बाकी तीन बाजूंनी काळ्या दगडाच्या उभ्या भिंती. तळाला लाल मुरूम पसरलेला आणि त्याच्या भेगांतून पांढुरका धूर.

संध्याने आधी त्यांना भिंतच दाखवली. हा काळा दगड म्हणजेच थिजलेला लाव्हा, असं तिने सांगितलं तेव्हा राजनंदिनीने दगडाला लावलेला हात पटकन मागे घेतला. संध्याला हसू आलं. हा लाव्हा थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली होती. तेव्हा इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून पातळ लाव्हा वाहत आला, पसरला, थिजला. मग त्याच्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा. भिंतीत ते थर एकावर एक घातलेल्या भाकरींसारखे स्पष्ट दिसत होते. दगडाला बारीक भोकं होती. लाव्ह्यातला वायू बाहेर पडताना राहिलेले ते बुडबुडे.

पण दगड वितळतो तरी कसा, असं आयुषने विचारलं. प्रश्न बरा होता, म्हणून संध्याने नीट उत्तर दिलं. जमिनीखाली खूप खोल दगड भयंकर तापलेला असतो, पण वरच्या भाराने दाबला गेल्यामुळे वितळत नाही. असा तापलेला दगड हळूहळू वर सरकू लागला की त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि तो वितळतो. कुठे पृथ्वीच्या कवचाचा एक तुकडा दुसऱ्याच्या खाली घुसतो, सोबत समुद्राचं पाणी खोल नेतो, त्या पाण्यानेही दगड लवकर वितळतो. वितळलेला रस आजूबाजूच्या दगडापेक्षा हलका, म्हणून वर चढतो आणि एखाद्या पोकळीत साठतो. त्यात वायू मुरलेला असतो. सोड्याची बाटली हलवून झाकण उघडावं तसा पृष्ठभागाजवळ येताना तो वायू फसफसतो. रस पातळ असेल तर वायू सहज निसटतो आणि लाव्हा नुसता वाहतो. रस घट्ट असेल तर वायू आत कोंडतो आणि डोंगराचं टोक उडवून बाहेर येतो.

"मग हा कोणता?" राजनंदिनीने धुराकडे बोट केलं.

"हा कोणताच नाही. आपण कवचाच्या तुकड्याच्या मधोमध राहतो, आपल्याखाली असा रस आज नाहीच. भारतात जागृत ज्वालामुखी बघायचा तर अंदमानाच्या समुद्रात जावं लागतं. इथे कुणीतरी कचरा पेटवलाय आणि तुझे बाबा त्याला हार घालणार आहेत."

एवढं म्हणून ती तळाकडे निघाली. आयुषने वाटेत पडलेला बांबू उचलला होता. तो म्हणाला, "संध्याताई, थांब. आधी टोचून बघू दे." संध्याने त्याच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. कचऱ्याच्या धुराला भिणाऱ्याशी काय बोलायचं? तिने मुरमावर पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. तिसऱ्या पावलाला मुरूम पापडासारखा फुटला आणि तिचा पाय घोट्यापर्यंत आत गेला.

आत उकळत्या पाण्यात पाय घातल्यासारखं झालं. ती ओरडली. आयुषने बांबू पुढे केला, तो तिने धरला, आणि राजनंदिनीने मागून तिचा ड्रेस धरून ओढलं. पाय बाहेर आला तेव्हा बुटाचा तळ लिबलिबीत झाला होता आणि घोट्याभोवतीची कातडी लाल पडली होती. खदानीच्या तोंडाशी पाण्याचा हापसा होता. आयुष दांडा मारत राहिला आणि संध्या धारेखाली पाय धरून बसली. तो "मी म्हणलो होतो" असं एकदाही म्हणाला नाही. तो म्हणाला असता तर तिला बरं वाटलं असतं.

पायाची आग कमी झाल्यावर आयुषने उतारावर उभं राहून बांबू खुपसला. वर वीतभर मुरूम, आणि त्याखाली करडी राख, बांबू गेला तितकी खोल. टोकाला राखेबरोबर काहीतरी काळं चिकटून आलं. संध्याने ते चुरगळून पाहिलं. अर्धवट जळलेलं उसाचं चिपाड होतं. ज्वालामुखीची राख म्हणजे फुटलेल्या दगडाची आणि काचेची भुकटी असते. ज्वालामुखी ऊस कधीपासून खायला लागला?

उतारावर डंपरच्या चाकांचे ताजे ठसे होते. नदीपलीकडच्या साखर कारखान्याचं उसाच्या चिपाडांवर चालणारं बॉयलर नुकतंच पेटलं होतं, आणि तिथली राख उचलायचा ठेका अमृतरावांकडे होता, हे राजनंदिनीला घरच्या बोलण्यातून माहीत होतं. राख पाणी मारून, थंड करून ठरलेल्या लांबच्या जागी टाकायची असते. अमृतरावांनी गरम राखच जवळच्या खदानीत ओतली होती आणि वरून मुरूम पसरला होता. धूर निघाला तेव्हा ज्वालामुखी म्हणून मोकळे झाले.

परतीच्या वाटेवर मोतीबाई भेटली. ती शेळ्या राखून पोट भरायची. काखेत एक करडू होतं, त्याच्या मागच्या पायांना हळद लावून चिंध्या बांधलेल्या. खदानीत उतरलं आणि भाजलं, असं ती म्हणाली. सरपंचांना सांगायला गेली, तर त्यांनी तिलाच ज्वालामुखीत शेळ्या चारतेस म्हणून रागावलं. रविवारी भाषण झालं की सगळं गाव तळावर उतरणार होतं. दर्शन घ्यायचं, मधोमध उभं राहून फोटो काढायचे, लेकराबाळांसकट.

संध्या लंगडत लंगडत सरपंचांच्या घरी गेली. कोंडीबामामाही सोबत आला. अमृतराव तिथेच चहा पीत बसले होते. संध्याने भाजलेला पाय दाखवला.

संतराम खूश झाले. "मंग? ज्वालामुखी गरमच राहनार ना, बाई."

तिने चिपाड पुढे ठेवलं. ते चिपाड कुणाच्या तरी बैलगाडीतून पडलं असेल, असं अमृतराव बशीत फुंकर मारत म्हणाले. पोरींनी अभ्यास करावा, खदानी हिंडू नयेत, हेही त्यांनी सांगितलं. मामाने कारखान्याच्या राखेचा विषय काढला, तर संतराम म्हणाले की बॅनर लागलेत, पाहुणे यायलेत, आता काय तमाशा करायचा का? अमृतरावांना खाली काय आहे ते नेमकं माहीत होतं. तरी ते दुसरा कप मागत होते. संध्याने आजवर पुष्कळ मूर्ख पाहिले होते. हा माणूस मूर्ख नव्हता, आणि म्हणूनच तिला त्याची जास्त किळस आली.

मामाने तहसील कार्यालयात फोन लावला. सुट्ट्यांमुळे साहेब सोमवारी येतील असं उत्तर मिळालं.

"सांगून कुणी ऐकत न्हाई," आयुष म्हणाला. "मंग ज्याला माहीत हाय, त्याच्याच तोंडून वदवायचं."

कसं ते संध्याला लगेच सुचलं. पण ही वाट आयुषने काढली, हे तिने मनात मान्य केलं.

रविवारी खदानीच्या उतारावर मांडव पडला. माणसं कडेला दाटीवाटीने उभी होती, लेकरं खांद्यावर. राजनंदिनी स्वागतगीत म्हणायला उठली, माइक हातात घेतला आणि संध्याकडे दिला. संध्याने अगदी गोड आवाजात सांगितलं की हा ज्वालामुखी सगळ्यांत आधी ओळखला अमृतरावकाकांनी, म्हणून पहिला मान त्यांचा. त्यांनी नारळ घेऊन मधोमध जावं आणि तिथे फोडावा.

टाळ्या पडल्या. अमृतराव उठले, नारळ घेतला, मुरमाच्या काठापर्यंत आले आणि थांबले. घाम पुसला. गुडघा धरलाय म्हणाले. इथूनच फोडतो म्हणाले. कुणीतरी हसलं. मामाने मोठ्याने विचारलं, "काहून थांबलात? काही तकलीफ हाय का खाली?"

इथवर सगळं ठरल्याप्रमाणे झालं. पण मान दुसऱ्याकडे जातोय हेच ज्यांना सोसवत नव्हतं ते संतराम उठले. त्यांनी अमृतरावांच्या हातून नारळ काढून घेतला, कॅमेऱ्याकडे पाहून हसले आणि सरळ मुरमाकडे निघाले. राजनंदिनीने धावत जाऊन त्यांचा हात धरला. त्यांनी तो झटकला. आयुषने बांबू आडवा धरला, तर त्यांनी तोही बाजूला सारला. असं होईल हे संध्याने धरलंच नव्हतं. हा माणूस कितीही पोकळ असला, तरी राजनंदिनीचा बाप होता.

संतरामांनी पाऊल उचललं.

"थांबा!" अमृतराव किंचाळले. "खाली राख हाय, जळती राख! मराल!"

माइक संध्याच्या हातात चालूच होता. ते शब्द तीन भिंतींवर आपटून सगळ्या गावाला पुन्हा ऐकू आले.

आयुषने पुढे होऊन बांबू मुरमात खुपसला, बाहेर काढला आणि धुमसणारं टोक सगळ्यांना दाखवलं. कडेची माणसं आपसूक मागे सरकली. ज्यांच्या खांद्यावर लेकरं होती त्यांनी ती खाली घेऊन पोटाशी धरली. अमृतराव मांडवाच्या मागून निघायला बघत होते, पण तिथे मोतीबाई करडू घेऊन उभी होती, आणि तिच्या मागे निम्मं गाव.

सोमवारी साहेब आले, पंचनामा झाला, खदानीला तारेचं कुंपण पडलं. राख निवल्यावर अमृतरावांच्याच डंपरने ती उचलायची आणि मोतीबाईला भरपाई द्यायची, असं ठरलं. संतरामांनी लगेच ग्रामपंचायतीसमोर सत्कार ठेवला. मुलांच्या धाडसाबद्दल ते बराच वेळ बोलले आणि आपल्याला पहिल्यापासूनच शंका होती असंही म्हणाले. संध्याने शाल घेतली. तिच्या चेहऱ्यावरून काय वाटतंय ते पहिल्या रांगेतल्यांना स्वच्छ कळत होतं. मग तिने माइक घेतला आणि सांगितलं की पहिल्या दिवशी आयुष थांब म्हणाला होता, मी ऐकलं नाही, म्हणून भाजले. आयुष कानापर्यंत लाल झाला.

गर्दी पांगल्यावर मोतीबाई पायरीवर तिच्याशेजारी येऊन टेकली. तिने संध्याच्या पायाची पट्टी पाहिली, पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "मंग लेकी, खरा ज्वालामुखी कसा असतो गं? मला काई माहीत न्हाई."

एवढ्या दिवसांत, एवढ्या माणसांत, हे विचारणारं पहिलं मोठं माणूस भेटलं होतं. संध्याने शाल बाजूला ठेवली.

"सांगते, मावशी," ती म्हणाली. "बसा निवांत."