पेंढ्याची मास्तरीण

उद्या मशाली घेऊन नाचणार आहात ना पोरांनो? मग आज ऐका. फोन उलटे ठेवा आणि दार लोटा.

ही गोष्ट क्लाइव्ह पेनफोल्डची. सुतार आहे, या घराच्या खिडक्या त्यानेच बसवल्या. मी जन्मभर बातम्या लिहिल्या, ऐकीव कधी छापली नाही. ही मला त्याने स्वतः सांगितली, तिथे त्या खुर्चीत बसून. चहा गार झाला, तरी कप हातातून सुटेना.

गेल्या वर्षीची पाच नोव्हेंबर, आपल्या गावच्या होळीची रात्र, बुधवार. अंधार पडल्यावर क्लाइव्ह गाडी घेऊन निघाला. काम साधं होतं. गोदामातून पुतळा उचलायचा आणि होळीच्या मैदानावर पोचवायचा.

दरवर्षी त्या होळीच्या जाळात पेंढ्याची एक मास्तरीण असते, पेनफोल्डांनी केलेली. हातात पुस्तक, नाकावर चष्मा. तुम्हीही टाळ्या वाजवल्या असतील. ती कोण, हे एकाने तरी विचारलं?

मिस लेटिशिया हॉब्डन. दीडशे वर्षांपूर्वी याच गावात बसून तिने ग्रीक नाटकं इंग्रजीत आणली. विद्यापीठ तिला दारात उभं करत नव्हतं, कारण ती बाई. मग तिने स्वतःच्या दिवाणखान्यात गावच्या मुलींना ग्रीक आणि गणित शिकवायला घेतलं. डॉक्टर, पाद्री, खाटीक, गावातले झाडून सगळे शहाणे म्हणाले, असल्या शिकलेल्या पोरीला मूल होत नाही! आणि तिच्या खिडकीखाली तिचाच पेंढ्याचा पुतळा जाळला. तिने पडदासुद्धा ओढला नाही. दुसऱ्या दिवशी वर्ग वेळेवर भरला. त्या वर्गाची पुढे शाळा झाली. आपल्या मुली तिथेच शिकतात, आणि आपण तिला अजून जाळतो. वर याला परंपरा म्हणायचं!

असो. क्लाइव्हची मुलगी टॅमसिन त्याच शाळेत. पेनफोल्डांच्या घरात विद्यापीठाचं नाव काढणारी पहिलीच. सप्टेंबरात तिने बापाला धरलं.

"बाबा, यंदा मास्तरीण करायची नाही."

"बरं."

"नुसतं बरं नको. शब्द दे."

"दिला, बाई, दिला. आता जेवू देशील?"

शब्द महिनाभर टिकला. मग एका संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात होळी मंडळाचा अध्यक्ष डेनिस मोठ्याने म्हणाला, "काय क्लाइव्ह, बसायची परवानगी घेऊन आलास ना पोरीची?" सगळे हसले. "तुझ्या आजोबापासून मास्तरीण तुमच्या घरची. तुला झेपत नसेल तर सांग लेका, माझी बायको शिवेल."

एवढंच झालं. एवढ्यासाठी माणूस पोरीला दिलेला शब्द मोडतो.

गोदामाला आतून कडी लावून त्याने पुतळा केला. पेनफोल्ड नुसता पेंढा भरत नाहीत, पोटात कागद कोंबतात, म्हणजे जाळ उंच जातो. त्यासाठी घरात रद्दीचा खोका असतो. तो खोका त्याने नेला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक गठ्ठा पडला होता, तोही नेला. वाचून पाहिला नाही.

तर त्या रात्री गाडीची मागची बाजू मशालींनी भरलेली. म्हणून मास्तरीण शेजारच्या सीटवर बसवली आणि पट्टा लावला. चर्चच्या गल्लीत वळला. तिथे दातांचा दवाखाना आहे ना, तेच मिस हॉब्डनचं घर.

दवाखान्यासमोर गाडी बंद पडली.

लांबवर फटाके वाजत होते. मग तेही थांबले.

सर्र...

पान उलटल्याचा आवाज. काचा वर होत्या. वारा नव्हता.

मग शांत. एखादं पान वाचायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ शांत.

सर्र...

पुतळ्याच्या पोटातून.

दवाखाना अंधारात होता. वरच्या खिडकीचा पडदा उघडा. तिथे कुणीतरी... क्लाइव्हने मान वर केली नाही.

"बाई, मी..."

त्याने चावी फिरवली. गाडी हलेना.

"मंडळाची माणसं म्हणाली, म्हणून मी..."

सर्र.

आता दुसरा आवाज. टोकदार. कागदावर टाक ओढल्याचा. एक रेघ. थांबली.

दुसरी रेघ.

आणि गाडी आपोआप सुरू झाली.

"तिथूनच माघारी फिरायचं होतंस," मी त्याला म्हटलं.

"मैदानावर सगळं गाव उभं होतं," तो म्हणाला. "डेनिस उभा होता."

"आणि टॅमसिन?"



ती होती. पुतळा लाकडांवर चढवला तेव्हा गर्दीतून तिने बापाकडे पाहिलं. एकदाच. मग पाठ फिरवून चालू लागली. क्लाइव्ह शेवटपर्यंत थांबला. पेंढा जळाला, कपडे जळाले, कागद काळे होऊन वर उडाले. राखेत काही उरलं नाही. त्याने काठीने ढवळून पाहिलं.

मग गाडीत येऊन बसला. दिवा लावला.

शेजारच्या सीटचा पट्टा अजून लावलेला होता. पट्ट्याखाली कागदांचा गठ्ठा.

टॅमसिनचा निबंध, तिच्या हातचा. मिस हॉब्डनवर लिहिलेला. एकही कोपरा दुमडलेला नव्हता. फक्त धुराचा वास होता. आणि समासात तपकिरी शाईने, बारीक तिरक्या अक्षरात दुरुस्त्या. एक साल चुकलं होतं, ते सुधारलेलं. एका परिच्छेदापुढे, "उत्तम."

शेवटच्या पानावर टॅमसिनने लिहिलं होतं, "यंदापासून आमच्या गावात मिस हॉब्डन यांना जाळणार नाहीत. माझ्या वडिलांनी तसा शब्द दिला आहे."

त्या वाक्याखाली दोन रेघा.

आणि समासात, "आधार काय?"

क्लाइव्हने त्यावर बोट ठेवलं.

शाई ओली होती...