आतून लिंपलेलं दार

दिवे येईपर्यंत ऐका. मोबाईल खाली ठेवा आधी. तोंडावर उजेड पाडून भुताची गोष्ट ऐकणारे शूरवीर तुम्हीच!

आमच्या सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या माडीवर इंद्रजीत नावाचा पोरगा भाड्यानं राहायचा. पुरातत्त्व शिकत होता. सरळ पोरगा, देवाला हात जोडायचा आणि भुताला हसायचा. त्यानं सांगितलं तसंच सांगतो, पदरचं काही घालत नाही.

गेल्या वर्षीची पौष वद्य द्वादशी, गुरुवार. आगीची उष्णता मोजायच्या तारा बिघडल्या होत्या, त्या दुरुस्त करून घ्यायला तो सोलापूरला आला होता. तारा पिशवीत घालून दिवस मावळताना मोटरसायकलवर निघाला. दुधनीच्या अलीकडं एका पांढरीच्या, म्हणजे जुन्या गाडल्या गेलेल्या वस्तीच्या टेकाडावर त्यांचं खोदकाम चाललं होतं. खाली साडेतीन हजार वर्षांपूर्वीची कुडाची घरं सापडलेली, आणि एकजात सगळी जळालेली. चुलीतली ठिणगी उडाली, शत्रूनं पेटवली, की राहणाऱ्यांनी आपल्या हातानंच आग लावली? यावर विद्वानांची भांडणं मिटेनात. म्हणून त्यांच्या अंकिता मॅडमनी ठरवलं, तसंच एक घर बांधायचं, जाळायचं आणि जुन्या राखेशी नवी राख ताडून बघायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेटवायचं होतं.

घर लिंपलं होतं मनकर्णानं. गावातलीच बाई, हात मोठा साफ. काम झाल्यावर तिनं आत चूल पेटवली, दूध उतू घातलं, उंबऱ्याला हळदकुंकू लावलं. नव्या घरात करतात ते सगळं. मॅडम कौतुकानं हसल्या.

मनकर्णा हसली नाही. "जाळण्यापरीस मला द्या की मॅडम. मी पत्र्यात ऱ्हाते. चूल पेटलेलं घर कुनी जाळतंय व्हय?"

मॅडम दुसरीकडं बघायला लागल्या. इंद्रजीतच्या डोक्यात मात्र संशयाचा किडा शिरला. ही बाई घोळ घालणार.

तसा घोळ दिसायलाही लागला. सकाळी चुलीला हात लावला की ऊब लागायची. जमीन ताजी सारवलेली असायची. विचारलं की मनकर्णा म्हणायची, "मी न्हाय बा." धडधडीत खोटं बोलते, असं इंद्रजीतला वाटायचं. रात्री गुपचूप येऊन राहत असणार. राग होताच, पण त्याहून मोठी भीती होती. पेटवायच्या वेळी ही आत निजलेली असली तर?

त्या रात्री तो टेकाडाशी पोचला, तर छपरातून धूर निघत होता.

"सापडली," तो स्वतःशीच म्हणाला आणि दारात जाऊन उभा राहिला. चुलीत विस्तव होता. त्याच्यापलीकडं एक बाई पाठमोरी बसलेली. ओला हात भिंतीवरून सावकाश फिरवत होती.

"मावशी, सकाळी जाळायचंय हे. निघा बरं."

हात थांबला.

"ऐकताय ना?"

ती वळली नाही...

तो तणतणत वस्तीवर गेला. तिच्या नवऱ्याच्याच कानावर घालायचं ठरवलं होतं. पत्र्याचं दार वाजवलं. कडी निघाली. समोर मनकर्णा. डोळ्यांत झोप.

"काय झालं वो दादा?"

तो मागं वळून टेकाडाकडं बघायला लागला.

तिनं दार मागं लोटून घेतलं. हळूच म्हणाली, "दिसली व्हय तुमास्नी? मला वाटलं, तुमीच कुनाला तरी ठिवलंय आत. म्हनून गप ऱ्हायले."

पोरांनो, तो तिच्यावर संशय घेत होता आणि ती त्याच्यावर.

सकाळी त्यानं घराचा कोपरा न् कोपरा तपासला. कुणी नव्हतं. हवा खेळावी म्हणून दार सताड उघडं ठेवलं. मॅडमना रात्रीचं सांगितलं, तर म्हणाल्या, "गाडी चालवून दमलास तू." आग लावली. मनकर्णा त्याच्या शेजारीच उभी होती.

छप्पर धडाडून पेटलं. मग मॅडमनीच विचारलं, "दार कुणी लावलं?"

वारा नव्हता. दार बंद होतं.

इंद्रजीत धावला. चौघांनी धरून ठेवला. "आत कुणीतरी आहे! सोडा मला!" आतून हाक नाही. किंचाळी नाही. काहीच नाही... तेच त्याला सहन होईना.

राख निवल्यावर मॅडमनी ती चाळून चाळून पाहिली. एक हाड निघालं नाही. "माझ्या हातून कुणी मेलं नाही, काका," असं म्हणत हे पोर माझ्यासमोर ओक्साबोक्शी रडलं. मला वाटलं, सुटला एकदाचा. पण त्याचं सांगून झालं नव्हतं.

दाराची चौकट उभी राहिली होती. दार आणि चौकटीमधल्या फटी आतल्या अंगानं चिखलानं बुजवलेल्या. चिखल भाजून विटेसारखा लाल झालेला. म्हणजे आगीची धग लागायच्या आधी ओला भरलेला. तेव्हा तर दार उघडं होतं. सगळ्यांसमोर.

चिखलात वरून खाली ओढलेल्या बोटांचे वळ होते. बाईच्या बोटांचे.

आणि खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर...

तिच्या बोटांशेजारी दुसरी बोटं. इवलीशी.