जुन्या नावाची डाक

बाबांची तेरवी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गोंदियाला आमच्या दैनिकाच्या कचेरीत गेले. मेल सर्व्हरमध्ये एक ओळ घालायची राहिली होती.

दोन महिन्यांपूर्वी सर्व्हरचं नाव मीच बदललं. आधीचं नाव पांगोली. जुन्या नावाने आलेली डाकही घे, एवढंच सांगणारी ती ओळ. वार्ताहर नवा पत्ता शिकतील, म्हणून मी ती घातली नाही. सगळे शिकले. सालेकशाचे वार्ताहर, माझे बाबा, तेवढे शिकले नाहीत. सर्व्हरच्या नोंदीत दिसतं: ते गेले त्या दुपारी त्यांनी पांगोलीला तीन मेल पाठवल्या. तिन्ही परत गेल्या. संध्याकाळी ते खोलीत सापडले. अंगावर कुऱ्हाडीचे अकरा घाव. कॉम्प्युटरचाही चुरा केलेला. पोलिसांनी अजून कुणाला धरलं नव्हतं.

"आता कायले करून राहिली, पोरी?" उपसंपादक भैयाजी मागून म्हणाले. "त्या नावावर कोन पाठवनार?"

"असू द्या, काका."

मी ओळ घातली, सर्व्हर पुन्हा सुरू केला. सकाळचे अकरा वीस.

लगेच एक मेल आली. बाबांच्या पत्त्यावरून, पांगोलीला.

'केवलराम ठेकेदार दारात आहे. लाकूडचोरीची बातमी मागतो. हातात कुऱ्हाड.'

"तेव्हाचीच असंल. कुठंतरी अटकली," भैयाजी म्हणाले.

मी पाठवल्याची वेळ पाहिली. आजची. अकरा एकवीस.

'डावा खांदा. हाड बाहेर आलं.'

'उजव्या हाताची बोटं गेली. लिहून राहिलो.'

भैयाजी ओरडले, "बंद कर! ते ओळ काढ."

मी काढली नाही. एकदा त्यांना परत पाठवलं होतं.

मी घाव मोजत गेले. अकराव्याला कवटी फुटली. मग मेल थांबल्या.

मग बारावा आला.

'कुऱ्हाड माझ्याकडे आली. केवलरामचा गुडघा.'

'केवलरामचा जबडा.'

'मायला हाक मारून राहिला.'

फोन वाजला. भैयाजींनी ऐकलं आणि फोन ठेवला.

"केवलराम गेला. आपल्याच आंगनात. बायको समोर होती." त्यांचा आवाज उतरला. "कुऱ्हाड चालून राहिली होती म्हनते. धरनारा कोनी नव्हता."

शेवटची मेल माझ्या नावाने होती.

'गुंजन, डबा उघड. हात धुवून येतो.'

कचेरीत आम्ही दोघंच होतो. मागच्या मोरीत नळ सुरू झाला.