कुर्बान मिस्त्रींची दोन चित्रं

"सहा आठवड्यांत मेंदू वीस वर्षांनी म्हातारा होतो का?"

डॉ. चारुशीला बसायला तयार नव्हत्या. त्या भूलतज्ज्ञ. भुलीने म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती घटते का, हे त्या तपासत होत्या. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर मेंदूचा एमआरआय, सोबत लेखी चाचणी. वलगावच्या अडुसष्ट वर्षांच्या कुर्बान मिस्त्रींचा मेंदू दुसऱ्या चित्रात आक्रसलेला दिसला. भूल जास्त दिल्याचा ठपका चारुशीलाबाईंवर आला होता. उद्या रुग्णालयाची समिती त्यांचं काम बंद करणार होती.

"चाचणीचे गुण?" खासगी तपासनीस रविकांतने विचारलं.

"दोन्ही वेळा तीसपैकी चोवीस. चाचणी मीच घेतली, त्यांना समोर बसवून."

"मग यंत्रच बिघडलं," त्याचा मित्र मोईज म्हणाला.

"त्या दिवशीची बाकी चित्रं ठीक आहेत."

रविकांतने दोन्ही चित्रं खिडकीशी धरली. दुसऱ्यात डोळ्यांभोवती काळे डाग होते.

"डोळ्यांत धातूची पूड असली की असं होतं," बाई म्हणाल्या. "मेंदूला त्याने काही होत नाही."

वलगावात थंडी मी म्हणत होती. तरी कुर्बानची खाट अंगणात होती. त्यांच्या डोळ्यांत ताजा सुरमा होता.

"रोज घालता?"

"पोरगा होतो तवापासून. एक दिवस खाडा नाही."

धाकटा भाऊ गुलफाम चहा घेऊन आला. पंचेचाळिशीचा, डोळे कोरे.

"यांना आत का झोपवत नाही?"

"जवानीत विहिरीत दबले होते भाईजान. दार लागलं का जीव घाबरते त्यायचा."

"दोन्ही चित्रांच्या वेळी तुम्ही सोबत होतात?"

"पयल्या खेपेले होतो. दुसऱ्या खेपेले मी धारणीले कामावर. बाई सोता घ्याले आल्या त्यायले."

दुसऱ्या दिवशी दोघा भावांना घेऊन रविकांत समितीपुढे उभा राहिला.

"गुण बदलले नाहीत, चित्र बदललं. मग चित्रातला माणूस तरी एकच आहे का? सुरमा म्हणजे धातूचीच पूड; तो रोज घालणाऱ्याच्या पहिल्या चित्रात एकही डाग नाही. बंद जागेला घाबरणारा माणूस एमआरआयच्या नळीत कसा शिरला? दुसऱ्या वेळी भाऊ नव्हता आणि बाई स्वतः घ्यायला आल्या, म्हणून त्यांना शिरावंच लागलं. पहिला मेंदू गुलफामचा आहे. एमआरआयच्या दाराशी नाव पुकारलं, त्याने 'जी' म्हटलं, कोणी चेहरा पाहिला नाही."

गुलफामने मान खाली घातली. अध्यक्ष महादेवरावांनी ठपक्याचा कागद फाडला.

"मला सांगायचं होतं ना, चाचा," चारुशीलाबाई म्हणाल्या.

"तुमाले जबान दिली होती, बाई. नाही कसं म्हणू?" कुर्बान म्हणाले. "तुमी शुगर इचारली, दात इचारले. भेव वाटते का, हे नाही इचारलं."

बाईंनी अभ्यासाची फाईल ओढली आणि पहिल्याच पानावर लिहिलं : रुग्णाला भीती वाटते का, हे मी विचारलं नाही.

"सुटल्या ना आता," मोईज कुजबुजला. "मग हे कावून लिहून राहिल्या?"

बाईंनी खाली सही केली आणि फाईल महादेवरावांपुढे सरकवली.