रविवारचे साडेसदतीस

अकराच्या अकरा अंडी गार पडली होती आणि उबवणी यंत्राचं दार सताड उघडं होतं.

फोनवर पक्षी-संवर्धन केंद्राच्या प्रमुखांनी एवढंच सांगितलं होतं. तपासनीस बाई तासाभरात निघाल्या. ही अंडी दुर्मीळ करकोच्याची होती. अख्ख्या देशात त्या जातीच्या चाळीस जोड्याही उरल्या नव्हत्या. सोमवारी दुपारी त्या केंद्रावर पोचल्या, पण खुर्चीत बसवेना. त्या उभ्याउभ्याच बोलू लागल्या.

"गुन्हा उघड आहे," प्रमुख म्हणाले. "रविवारी अंडी सांभाळणाऱ्या मावशींची पाळी होती. त्या फिरकल्याच नाहीत. यंत्राचा फ्यूज उडाला, बघायला कोणी नाही. आणि आज सकाळी येऊन त्यांनी कालच्या खोट्या नोंदी ठोकून दिल्या."

"नोंदी त्यांनीच केल्या कशावरून?"

"मग कोणी? मी नऊला आलो. त्या आठपासून इथे होत्या."

नोंदी संगणकावर होत्या आणि भरल्याची वेळ त्यात उमटत नसे, त्यामुळे कोणी, कधी भरल्या ते कळायची सोय नव्हती. बाईंनी छापून घेतलेली पानं उलटवली. शनिवार: ३७.८, ३७.२, ३७.८, ३८.३. रविवार: ३७.५, ३७.६, ३७.५, ३७.४. सगळं कसं झकास. मेलेल्या अंड्यांचा रविवार इतका झकास कसा, हे काही त्यांना पटेना. काहीतरी खुपत होतं, पण काय ते हाती लागत नव्हतं.

मावशी यंत्राच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. वीस वर्षं त्यांनी अंडी फिरवली, पाणी भरलं, पिल्लांना चिमट्यानं भरवलं. डोळे सुजले होते.

"काल तुम्ही कुठे होतात, मावशी?"

"बहिणीपाशी, दवाखान्यात. शनिवारी साहेबांनी सुट्टी दिली. म्हणाले, तुम्ही खुशाल जा, रविवारी मी बघतो."

"लेखी?"

"वीस वर्षांत कधी लेखी लागली नाही, बाई."

"आज सकाळी काय दिसलं?"

"दार उघडं. आकडा अठ्ठावन्नवर आलेला. मी दार लावलं, फ्यूज बदलला. मग एकेक अंडं दिव्यापुढे धरलं." त्या थांबल्या. "एकातही हालचाल नाही."

"दार कोणी उघडलं?"

"तेच डोक्यात शिरत नाही. गारठलेल्या यंत्राचं दार कोण उघडेल?"

बाई यंत्रासमोर येरझारा घालू लागल्या. काचेवरच्या तापमापकाच्या पडद्यावर नुसता १०० आकडा होता, कोपऱ्यात बारीक 'एफ'. शेजारी भिंतीवर हातानं लिहिलेला तक्ता चिकटवला होता.

केंद्राचा मेकॅनिक दारातच घुटमळत होता. "हा तक्ता तुमचा?" बाईंनी त्याला विचारलं.

"हो मॅडम. जुना तापमापक दोन महिन्यांपूर्वी बिघडला. मग गोदामातला फॅरनहाइटचा बसवला. सेलवर चालतो, वीज गेली तरी आकडा दाखवतो. पण संगणकात नोंद सेल्सिअसमध्ये लागते. म्हणून मावशींना तक्ता करून दिला. बत्तीस वजा, पाचानं गुणा, नऊनं भागा."

"बदल साहेबांना कळवला?"

"चिठ्ठी ठेवली होती टेबलावर. वाचली का, देव जाणे."

बाई एकदम थबकल्या. तक्त्यावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग सगळ्यांना त्याच खोलीत बोलावून घेतलं. प्रमुख दारातून आत येत असतानाच त्यांनी सहज विचारलं, "यंत्र नीट चालू असताना पडद्यावर किती दिसतं हो?"

"साडेसदतीस," प्रमुख पटकन म्हणाले. "यंत्राच्या पुस्तकात तेच आहे."

मेकॅनिकनं मान वर केली. मावशींनीही.

"इथे साडेसदतीस दिसूच शकत नाही," बाई म्हणाल्या. "हा फॅरनहाइटचा पडदा आहे आणि तो पूर्ण अंशच दाखवतो. नव्व्याण्णव म्हणजे ३७.२. शंभर म्हणजे ३७.८. एकशे एक म्हणजे ३८.३. मधलं काही नाही. शनिवारच्या चारही नोंदी या तक्त्यात सापडतात. रविवारची एकही सापडत नाही. साडेसदतीस यायला साडेनव्व्याण्णव दिसायला हवं, आणि ते इथे कधी दिसत नाही."

यंत्र घरघरत होतं.

"मावशींना खोटं लिहायचं असतं, तर सवयीनं ३७.८ लिहिलं असतं. मेकॅनिकनं तर पडदा स्वतः बसवलाय. पुस्तकातला आकडा कोण लिहील? ज्यानं आजच्या आधी दोन महिन्यांत इथे पाऊलही टाकलं नाही, तो. साहेब, मावशींना सुट्टी तुम्हीच दिलीत. आणि काल आला नाहीत."

"दार उघडं होतं त्याचं काय?" प्रमुखांचा आवाज चिरकला.

"तेच तर. गार यंत्राचं दार एकच माणूस उघडेल. ज्याला ते तापलंय असं वाटलं, तो. आज तुम्ही नऊच्या आधी एकदा येऊन गेलात. किती दिसलं?"

प्रमुखांनी खिशातून रुमाल काढला आणि तो नुसताच हातात धरून राहिले.

"बासष्ट," ते अखेर म्हणाले. "सहा वाजता आलो. मी ते सेल्सिअस धरलं. वाटलं, अंडी शिजली. घाईघाईनं दार उघडलं, म्हटलं वारा लागू दे. मग वर जाऊन नोंदी भरल्या. काल पाहुणे आले होते घरी... निघतो निघतो म्हणत राहूनच गेलं."

"बासष्ट म्हणजे सोळा पूर्णांक सात सेल्सिअस. ती गारठली होती, साहेब. तुम्ही दोन तास त्यांच्यावर आणखी गार वारा सोडलात."

बाईंनी अहवालाचा कागद काढला, मावशींच्या नावापुढचा आरोप खोडला आणि दुसरं नाव लिहिलं. काम झालं होतं, तरी जिवाला चैन नव्हती.

मावशी उठल्या. प्रमुखांकडे त्यांनी रागानं पाहिलं नाही, हेच बाईंना जास्त लागलं.

"बासष्टाला काही अंडी जीव धरून असतात," मावशी हळूच म्हणाल्या. "मला एक फोन केला असता, तर मी सांगितलं असतं."